मार्थाबाईंची हर्रास

मार्थाबाईंकडे राहायला जागा मागितली की त्या नाव, गाव, जात, पगार यांतलं काहीही विचारत नसत. त्या म्हणत, "आधी आडवा पड."

मीही पडलो. भर दुपारी, बुटांसकट, ट्रंक उशाला घेऊन. बाई माझ्याभोवती एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "साडेतीन फरश्या. जागा हाय की. फकस्त पाय दुमडून निजायचं." बाईंच्या बैठकीत शहाबादी फरशी होती आणि त्या माणसं फरशीवर मोजत. नवे कलेक्टरसाहेब जीपमधून गल्लीतून गेले, तेव्हा त्यांच्याकडे बघून बाई "चार भरतील" म्हणाल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. आम्हा कारकुनांना उस्मानाबादेहून फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर आणून टाकलं. फायलींना कपाटं मिळाली, आम्हाला खोल्या मिळेनात. त्यात दुष्काळ. खेड्यांतली माणसं खडी फोडायच्या कामावर आली होती, तीही डोक्यावर छप्पर शोधत फिरायची. त्यांतली बरीचशी बाईंच्या बैठकीत आडवी पडून मोजली गेली.

ही बैठक म्हणजेच गल्लीतल्या ख्रिस्ती घरांचं प्रार्थनामंदिर. भिंतीवर सागवानी क्रूस, त्याखाली बाजाची पेटी. बाईंचे यजमान कंपाउंडर होते. ते गेले, मूलबाळ नव्हतं, तेव्हा बाईंनी बैठक प्रभूला देऊन टाकली आणि स्वतः चुलीपाशी निजू लागल्या. संध्याकाळी वळकट्या भिंतीला लावून आम्हीही प्रार्थनेला बसायचो. मला गीतं येत नव्हती, पण टाळ्या बऱ्या वाजवता यायच्या. शेवटी बाई एका दमात म्हणत, "आमेन, ताटं घ्या." ज्याचं त्याचं पीठ, भाकरी मात्र बाईंच्या हातची.

घोटाळा झाला तो एका रविवारी. पाळकसाहेब गावाच्या दुसऱ्या टोकाहून सायकलवर उपासना घ्यायला येत. भला माणूस, पण टापटिपीचा. दारातून आत येताना त्यांचा पाय पडला गंगव्वाच्या पानतंबाखूच्या चंचीवर. गंगव्वा ही निलंग्याकडची म्हातारी, मुलगा खडीवर, आणि ती दिवसभर जो सापडेल त्याच्याशी भांडत बसलेली. पहिलं गीत संपेपर्यंत ती पाळकसाहेबांना मराठीत आणि कानडीत आळीपाळीनं बोलत राहिली.

उपासना उरकल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "बाई, हे प्रार्थनेचं घर की धर्मशाळा? एकदा ठरवा. कापणीच्या सणापर्यंत बैठक मोकळी झाली नाही, तर उपासना दुसरीकडे भरवावी लागेल."

"प्रभू गोठ्यात जल्मला. तितं कुनी बैठक मोकळी केली हुती?"

"त्या गोठ्यात पाय ठेवायला तरी जागा होती, बाई."

संध्याकाळी पीठ मळता मळता बाई मला म्हणाल्या, "उपासना गेली तर ह्ये घर कशाचं, साहेब? आन मानसं काढली तरी कशाचं?" मी कारकून, मला वरून हुकूम आल्याशिवाय काही सुचत नाही.

कापणीच्या सणाला ख्रिस्ती माणसं नव्या पिकातलं काहीबाही प्रभूपुढे आणतात आणि मग त्याची हर्रास होते, म्हणजे लिलाव. त्या साली प्रभूपुढे आलं काय, तर चार वाळकी कणसं आणि समोरच्या रहीमचाचा शिंप्यांच्या झाडाचं एक लिंबू. लिंबू गेलं आणि पाळकसाहेब उपासनेसाठी उठू लागले, तशा बाई स्टुलावर चढल्या.

"बसा. माल सपला न्हाई."

आणि माझं मनगट धरून मला त्यांनी पुढे ओढलं. "ह्यो कलेक्टर हापिसातला कारकून. साडेतीन फरश्या. घोरतो, पन बेतानं. पैसा बोलायचा न्हाई, जागा बोलायची."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. दारातून रहीमचाचा म्हणाले, "दुकान के ऊपर माळा खाली पडा है. मैं लेतूं इनको." कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं ओसरी बोलली. चाचांनी माळ्यावर सकाळचा चहा चढवला. किराणावाल्यानं खाट काढली. चाचांनी चहाबरोबर पाव देऊन मला जिंकलं. मी आयुष्यात एवढा हवाहवासा कधी झालो नव्हतो, मुलगी बघायला गेलो होतो तेव्हाही नाही.

मग एकेक जण जाऊ लागला. कुणाला पडवी, कुणाला गच्ची, खडीवाल्या जोडप्याला तर चक्क खोली. उरली गंगव्वा.

"दोन फरश्या," बाई म्हणाल्या. "तोंड जरा मोठं हाय, ते त्यात धरलं न्हाई."

कुणी जागा बोलेना. "चांगला माल वळखायची अक्कल लागती," गंगव्वा म्हणाली आणि उगाच चंची सोडून परत बांधू लागली.

पाळकसाहेब खाकरले. "आई गेल्यापासून तिची खाट रिकामीच आहे. मी बोलतो."

"एक वार, दोन वार, तीन वार," बाईंनी श्वास न घेता उरकलं.

गंगव्वानं त्यांना खालून वर न्याहाळलं. "मंग पाय बघून टाकत जावा."

एवढा हशा त्या बैठकीत कधी झाला नव्हता. सामान बाहेर गेलं, फरशी मोकळी झाली आणि उपासना अशी दणक्यात झाली की पेटीचा भाता फाटायचाच बाकी राहिला. बाई जिंकल्या होत्या. आम्ही गाठोडी उचलून निघालो, तर बाई परत स्टुलावर.

"एक नग ऱ्हायला," त्या मोकळ्या फरशीकडे बघत म्हणाल्या. "मार्था. दोन फरश्या. निजायला जागा हाय तिला. एकटीला भाकर उतरत न्हाई, येवढंच हाय. धनी गेल्यापून चुलीम्होरं हुबी ऱ्हाऊन खायची. तुमी आलाव तवा बसून खाया लागली."

पहिला आवाज आला तो गंगव्वाचा, तोही पाळकसाहेबांच्या सायकलीजवळून. "माझं रोजचं रातचं जेवन हितं. बोलले मी."

त्यावर रहीमचाचा, त्यावर किराणावाला, त्यावर मी. कोण कुणावर चढत होतं कळेना, आणि बाईंना तीन वार म्हणायला कुणी सवडच दिली नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बैठक पहिल्यापेक्षा जास्त भरली. घेतलेला माल तर आलाच, घेणारेही आले. गंगव्वाला सोडायला आलेले पाळकसाहेब उंबऱ्यात अडकले. आत पाऊल टाकायला फट नव्हती.

पंगतीच्या मधोमध ताट पुढ्यात घेऊन बसलेल्या मार्थाबाईंनी मान वर केली. "जागा हाय की," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या दोन फरश्यांतली एक त्यांना काढून दिली.