रुखवतातली हिरवी नवरी

कमळाकर गोजरने आयुष्यात एकदाच बायकोला 'थांब, मी मदत करतो' असं म्हटलं, आणि त्याचं फळ तो अजून भोगतोय. (शहाणे नवरे हे वाक्य मनातल्या मनातसुद्धा म्हणत नाहीत. मी चाळीस वर्षांत म्हटलेलं नाही. माझी तब्येत बघा आणि कमळाकरची बघा.)

झालं असं, की त्याच्या दर्शनाचं लग्न ठरलं मुरबाडकडच्या दिपेशशी. मुलगा निर्व्यसनी, कंपनीत पर्मनंट, बोलायला इतका गरीब की ठेच लागली तरी दगडाला सॉरी म्हणेल. खोट एकच. मुलाची आई, बाईजाबाई. उंची पावणेसहा फूट, आणि मान सिद्धगडाच्या माथ्यावर. साखरपुड्यात चहा डाव्या हातानं दिला म्हणून ती बाई अडीच तास रुसून बसली होती. चहा देणारा डावखुरा होता हे तिला पटेपर्यंत तो चहा तीनदा गरम झाला.

अशा विहिणीपुढे रुखवत मांडायचं म्हणजे बोर्डाचा पेपरच. पण कमळाकरची बायको मैना डरणारी नव्हती. शहापूरच्या बाजूला रुखवत मांडावं तर मैनानंच, असं तिचं नाव. टेबलावर ती शाडूच्या वीतभर बाहुल्यांचं अख्खं लग्न उभं करायची: नवरा, नवरी, करवल्या, मामा, भटजी, बेंजोवाले, आणि जेवणाच्या रांगेत दुसऱ्यांदा घुसलेला एक म्हातारा. (तो कुणावरून केला ते मला ठाऊक आहे. मी काही बोललो नाही.)

गावभरच्या पोरींची रुखवतं करून झाल्यावर आता स्वतःच्या पोरीचं. बाहुल्या वाळल्या होत्या, रंगवायच्या बाकी होत्या. मैना पोस्टर कलरच्या बाटल्या काढत होती, आणि कमळाकर मोबाइल बघत होता.

मोबाइलमध्ये एक परदेशी दाढीवाला बोटाएवढे सैनिक रंगवत होता. तिकडे म्हणे मोठाली माणसं असले सैनिक टेबलावर मांडून लढाई-लढाई खेळतात. (त्याला हॉबी म्हणतात. आपण पत्ते मांडले की पोलीस पाटील येतो.) दाढीवाल्यानं सैनिकाला रंग मारला, सैनिक असा फिरवला तर हिरवा, तसा फिरवला तर जांभळा! कमळाकर उडालाच. कारण हा रंग त्याच्या ओळखीचा होता. कमळाकर हायवेच्या गॅरेजात स्प्रे पेंटर. हौशी पोरं बाइकच्या टाकीला मारून घेतात तो हाच, गिरगिट कलर. एका टाकीच्या कामातून उरलेला अर्धा डबा तर त्याच्या कपाटातच पडून होता.

"थांब," कमळाकर म्हणाला, "मी मदत करतो."

"तुमी?" मैनाने बघितलं. "अवो, तुमी गाड्यावाले. ह्या बाहुल्या हायत. ह्यांना इन्शुरन्स नाय."

"अगो, पोस्टर कलर सगळे मारतात. बाईजाबाईनं जन्मात बघितला नसल असा कलर मारतो. लुगडी चमकली पायजेत!"

मैना विरघळली. बाईजाबाईचं नाव काढलं की ती कशालाही तयार व्हायची.

पहिल्या दिवशी त्याने गॅरेजची मोठी स्प्रे गन आणली. खटका दाबला मात्र, एक करवली टेबलावरून उडाली ती थेट शेजारच्या कोंबड्यांत. कोंबड्यांनी दोन दिवस अंडी दिली नाहीत. मग कुठून तरी नखाएवढी गन मिळवली. आधी काळा चकचकीत हात मारायचा, त्याशिवाय वरचा रंग खुलत नाही. काळ्यावर मग गिरगिटाचे चार पातळ हात. लुगड्याची एकेक निरी, पदराची एकेक घडी त्याने श्वास रोखून काढली. आठ दिवस कमळाकर ओटीवर पाटावर बसून होता. जेवणसुद्धा तिथेच.

आणि काय हिरवी दिसली ती नवरी! भाताच्या रोपासारखी हिरवीगार. दर्शना समोर बसून बघून गेली. मैनाने मांडी घालून तासभर न्याहाळलं. आजूबाजूच्या बाया आल्या, त्याही फतकल मारून बसल्या. सगळ्यांचं एकमत: असं रुखवत झालं नाही. मैना तर नवऱ्याला चक्क 'कलाकार' म्हणाली. लग्नाच्या सव्वीस वर्षांत तिने त्याला पुष्कळ काही म्हटलं होतं, पण त्यात हा शब्द नव्हता.

आता वाचकहो, तुमच्या लक्षात आलं असेल. त्या घरात तो रंग सगळ्यांनी बसून बघितला. उभ्यानं एकानंही नाही.

लग्न दारातल्या मांडवात, मुहूर्त बारा पस्तीसचा. साडेअकराला मुरबाडचं वऱ्हाड उतरलं. नारळ झाले, गळाभेट झाली, आणि बाईजाबाई आपल्या बायकांचा ताफा घेऊन रुखवताकडे निघाली. मैना पदर सावरून टेबलाशेजारी उभी. मैनाची उंची चार फूट आठ, म्हणजे तिला बाहुल्या जवळजवळ समोरून दिसत होत्या. बाईजाबाईने मात्र सिद्धगडावरून खाली नजर टाकली.

"ह्या काय गो?"

"आमचा रुखवत," मैना फुलून म्हणाली.

"ते कळलं. नवरी काळ्या लुगड्यात?"

"काळ्या कुठं? हिरवीगार हाय!"

"माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय का? नवरी काळी, करवल्या काळ्या, मामी काळी! ह्या लग्न हाय का दहावा?"

बाईजाबाईची जाऊ कुणाली, ठेंगणीठुसकी बाई, ती मध्ये डोकावली. "वैनी, हिरवीच हाय की वो."

"तू आमच्याकडून आलीस का त्यांच्याकडून?"

कुणालीने डोकं मागे घेतलं. ताफ्यात मात्र दोन तट पडले. उंच बाया म्हणत होत्या काळी, बुटक्या म्हणत होत्या हिरवी. मधल्या उंचीच्या दोघी जांभळी म्हणाल्या, त्यांना दोन्हीकडून शिव्या बसल्या.

कमळाकर धावत आला. एका नजरेत त्याला घोळ समजला: हा रंग समोरून हिरवा, पण वरून बघितलं की खालचा काळा हातच दिसतो. आणि माणूस घाबरला की खरं बोलतो, तसं तो बोलला:

"विहीणबाई, तुमी जरा वाका."

बेंजो थांबला. मांडवातला पंखासुद्धा थांबल्यासारखा वाटला.

"काय बोल्लात?"

"तसं नाय वो! पुरतं नाय वाकायचं. दीड-दोन फूट."

"मुलाची आय वाकल? मुलीवाल्यांच्या टेबलापुढं?" बाईजाबाईचा आवाज चढला. "अवो, मी लग्नात माझ्या नवऱ्यापुढं नाय वाकले!"

"ह्या खरं हाय," मागून तिचा नवरा हळूच म्हणाला.

"मग खुर्चीवर बसून बघा," कमळाकर म्हणाला.

"रुखवत उभ्यानं बघतात. मी काय पंगतीला बसले?"

असं म्हणून ती बसली. पण रुखवतापुढे नाही, मांडवाच्या दारात, पाठ फिरवून. आणि तिथून जाहीर केलं: "ती नवरी मला उभ्यानं हिरवी दिसल, तवाच माझा पोरगा पाटावर चढल. नायतर ह्या निघालो मुरबाडला."

घड्याळात बाराला दहा कमी. आत दर्शना शालू नेसून बसलेली, तिच्या डोळ्यांतलं काजळ गालांवर यायला लागलं होतं.

"बाहुल्या उचला," कमळाकरचा थोरला भाऊ वाल्मिक म्हणाला. "टेबलच रिकामा करा."

"टेबलावरची एक बाहुली हलली," मैना दातांत म्हणाली, "तर मी पण ह्या घरातून हलन. सांगून ठेवतंय."

म्हणजे विहीण खाली येणार नाही, बाहुल्या हलणार नाहीत. कमळाकरने डोकं खाजवलं, आणि त्याच्यातला गॅरेजवाला जागा झाला. गाडीखालचं दिसत नसेल तर आपण गाडी वर घेतो. टेबलच वर घ्यायचं!

तो केटरर्सकडे पळाला. "चार क्रेट द्या, सोड्याच्या बाटल्यांचे."

"तीन हायत."

"चौथा?"

"चौथ्यात बाटल्या हायत. वऱ्हाड पील तवा मोकळा व्हईल."

तीन तर तीन. चौघांनी बाहुल्यांसकट टेबल अलगद उचललं. तीन पायांखाली उभे क्रेट सरकवले. चौथ्या कोपऱ्याला कमळाकर खाली शिरला आणि फळीला खांदा दिला. मैनाने टेबलाची साटिनची झालर खाली सोडली, आतलं सगळं झाकलं गेलं. मेव्हण्याला, धनेशला, कमळाकरने झालरीतूनच सांगितलं, "पळ. चार विटा आण. दोन मिनटांत ये." धनेश पळाला. वाटेत पहिली पंगत बसत होती. धनेश बसला.

बाईजाबाईला बोलावणं गेलं. ती आली. बाहुल्या आता तिच्या डोळ्यांपुढे.

"अगो बाय," बाईजाबाई म्हणाली. "हिरवी हाय की!"

कमळाकरने टेबलाखाली डोळे मिटले.

"आणि काय चमकते! कुणाली, बघ, आता कशी दिसते!"

कुणालीला आता नुसती झालर दिसत होती. पण ती शिकली होती. "हिरवी हाय, वैनी."

विहीण इतकी खूश झाली की तिने हुकूम सोडला: माझं शेवटचं माणूस बघून होईपर्यंत टेबल खाली घ्यायचं नाही. अख्खं मुरबाड रांगेनं आलं. उंच माणसं बघून जात होती, बुटकी उड्या मारत होती. लहान पोरांना खांद्यावर घेऊन दाखवलं. आणि खाली कमळाकर. नवा कुरता घामानं पाठीला चिकटलेला, नाकावर माशी बसलेली, दोन्ही हात फळीला. माशीला ते कळलं होतं.

तो बाहेर का आला नाही म्हणाल, तर येणार कसा? विहिणीला कळलं असतं की रुखवत लंगडं आहे, एका बाजूनं बापाच्या खांद्यावर उभं आहे, तर ती पुन्हा दारात जाऊन बसली असती. आणि सोडलं असतं तर मैनाची सगळी इभ्रत नवरा-नवरी, करवल्या आणि बेंजोसकट मांडवात फुटली असती. तेव्हा कमळाकर उभा राहिला. म्हणजे वाकला.

बारा पस्तीसला भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. 'सावधान' म्हटल्यावर खरोखर सावधान असा मांडवात तो एकटाच माणूस होता. त्याच्या खिशात मूठभर अक्षता होत्या. एक हात क्षणभर मोकळा करून त्याने त्या झालरीच्या आतच वर उडवल्या. फळीला आपटून त्या त्याच्याच डोक्यावर पडल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पुसायला हात नव्हता. (इथे मी थट्टा करणार नाही. एक वाक्य सोडून देतो.)

"कन्यादानाला मुलीचे वडील कुठायत?" भटजींनी विचारलं.

"ते कामात हायत," मैना शांतपणे म्हणाली.

"मुलीच्या लग्नात?"

"मुलीच्याच लग्नाच्या."

वाल्मिक आणि त्याची बायको कन्यादानाला बसली. सप्तपदी झाली. बाईजाबाईचं मागच्या गाडीतलं माणूस अजून रुखवत बघत होतं.

मग जोडपं मोठ्यांच्या पाया पडायला निघालं. दर्शनाने दिपेशला थेट टेबलापाशी आणलं.

"बाबांच्या पाया पडू."

"कुठायत?" दिपेशने इकडेतिकडे पाहिलं.

"टेबलाखाली. लायटिंगची वायर धरून बसलेत. सोडली तर फ्यूज जाईल."

दिपेश भला माणूस, त्याने प्रश्न विचारला नाही. डोळ्यांवर मुंडावळ्या, हातात नारळ. नारळ दर्शनाकडे देऊन तो वाकला आणि झालरीखाली दोन्ही हात घातले. उजवा हात समोरच्या सासऱ्याच्या पायाला लागला. डावा लागला टेबलाच्या शेजारच्या पायाखालच्या प्लास्टिकच्या क्रेटला.

"सुखी राहा," झालरीतून घुसमटलेला आवाज आला.

दिपेश उठला तेव्हा त्याचा चेहरा गंभीर झाला होता. दर्शनाला वाटलं, माणूस हळवा आहे.

टेबल खाली आलं दुपारी तीनला. धनेश विटा घेऊन आला सव्वातीनला. वऱ्हाड खुशीत गेलं, बाईजाबाईने मैनाची पाठ थोपटली, एक बाहुली फुटली नाही. कमळाकरला वाटलं, सुटलो.

पहिल्या दिवाळीला जावई आला. चहा झाला, फराळ झाला. मग त्याने सासऱ्याला बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून, खिशातून एक कागद काढला. एसटीच्या दिव्यांग सवलतीचा फॉर्म.

"बाबा, लाजायचं काय त्यात?" दिपेश म्हणाला. "लग्नातच कळलं मला. उजवा पाय प्लास्टिकचा आहे तुमचा. एवढा त्रास असून टेबलाखाली बसलात. आईला मी बोललो नाय, तुमच्या मानाचा प्रश्न आहे."

कमळाकरने तोंड उघडलं. खरं सांगायचं म्हणजे क्रेट सांगायचा, क्रेट सांगायचा म्हणजे टेबल सांगायचं, आणि टेबल सांगितलं की ते संध्याकाळपर्यंत मुरबाडला पोचणार. त्याने तोंड मिटलं.

"आता बरा हाय जरा," तो म्हणाला, आणि स्वयंपाकघराकडे लंगडत निघाला.

दारातूनच मैना दबक्या आवाजात ओरडली, "अवो कलाकार! उजवा! उजवा पाय!"