आन्सेल्मची शेवटची उतरण

"पोरी, ती गाडी बाजूला घे," फेर्नांकाका म्हणाले. "आन्सेल्म काय भाजी आहे, चाकांवरून न्यायला? आम्ही नेतो खांद्यावरून."

प्रार्थना आटोपली होती. ओदिलच्या वडिलांची, आन्सेल्मची शवपेटी चर्चच्या दारात होती आणि खाली उतरायला उभ्या दगडी पायऱ्या.

वडील सिनेमात पडायचे. घोड्यावरून, छपरावरून, नायकाचा ठोसा खाऊन जिन्यावरून. तोंड कधी दिसलं नाही. पाठ मात्र अख्ख्या फ्रान्सने पाहिलेली. एकदा वेटरचं काम मिळालं. "साहेब, कॉफी," एवढंच वाक्य. सिनेमा लांबला म्हणून तेही कापलं गेलं. आईने सकाळीच बजावलं होतं, "जन्मभर पडला माणूस. आज तरी सरळ उतरू दे त्याला."

आणि उतरवणारे कोण, तर त्याच धंद्यातले! फेर्नांकाकांचा खुबा धातूचा, लुसियाँकाकांचा एक डोळा गेलेला आणि पेराँ बंधूंच्या चार गुडघ्यांत धड एकच. त्यात सकाळी इथे लग्न लागलेलं; नवरानवरीवर उधळलेल्या तांदळाचा पायऱ्यांवर सडा पडला होता. ओदिलने चर्चच्या सेवकाकडे झाडू मागितला.

"कशाला? कबुतरं येतात की," तो म्हणाला.

कबुतरं आली नव्हती.

"काका, घसराल हो!"

"पोरी, घसरण्यावरच तर पोट भरलं आमचं."

"म्हणूनच म्हणतेय!"

"फेर्नां," आई मागून कडाडली, "माझ्या नवऱ्याला पाडलंस तर याद राख."

"वहिनी, आजवर त्याला मीच पाडत आलो. कधी खरचटलं?"

"हात मोडला होता त्याचा!"

"ती जमीन वाईट होती."

पेटी उचलली गेली. अर्ध्या पायऱ्या उतरल्या आणि धाकट्या पेराँचा पाय तांदळावर पडला. ओदिलने डोळे घट्ट मिटले. आता धाडकन आवाज येणार... आलाच नाही.

तिने डोळे उघडले. चौघांनी स्वतःला पेटीखाली झोकून दिलं होतं. पाठीवर घसरत ते तळाशी पोचले होते आणि पेटी त्यांच्या छातीवर होती. वरची फुलंसुद्धा हलली नव्हती. चौघेही मात्र निपचित. माना कललेल्या, डोळे मिटलेले.

"अगं बाई, मेले की काय!" आई ओरडली. सेवक डॉक्टरला फोन करायला धावला. ओदिल फेर्नांकाकांजवळ बसली.

त्यांचे ओठ जेमतेम हलले. "पोरी, म्हण की."

"काय म्हणू?"

"अगं, कुणी सांगितल्याशिवाय मेलेल्याने उठायचं नसतं."

ओदिल पुटपुटली, "कट!"

"मोठ्याने. थोरला पेराँ बहिरा आहे."

"कट!"

चौघांनी पेटी अलगद टेकवली, उठले, कोट झटकले.

"वहिनी," फेर्नांकाका म्हणाले, "पडलो आम्ही. तो नाही."

ओदिल अजून पेटीकडेच बघत होती. आईने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल," ती हळूच म्हणाली. "तू 'कट' म्हटल्यावर मीही वाट पाहिली."