फोटोतली चौदावी

अश्केलोनच्या नवगावकरांच्या घरात टेलिफोनची लाइन एकच होती आणि तिच्यावर हक्क सांगणारे दोघे होते, फोन आणि कंप्युटर. एक लागला की दुसरा बंद. अहरोनकाका दिवसातून वीस वेळा पिन उपटून इकडची तिकडे लावत. मग मोडेम किंचाळू लागला की मल्काकाकू स्वयंपाकघरातून म्हणत, "लागलं बघा रडायला."

हे २००१ सालचं. भारतातून आलेल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू मंडळींचा मेळावा भरायचा होता आणि तिथं सगळ्यांचे जुने फोटो पडद्यावर दाखवायचे होते. तेल अविवला नोकरी करणाऱ्या निषाद नावाच्या पुणेकरानं हौसेनं त्यासाठी वेबसाइट करून दिली होती. फोटो चढवायचा, त्यातल्या प्रत्येक माणसाचं नाव रकान्यात भरायचं आणि बटण दाबायचं. मुदत गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

काकांकडे फोटो एकच होता, १९४६ साली रेवदंड्याच्या घरी झालेल्या मलिद्याचा, म्हणजे नवसाच्या प्रार्थनेचा. चौदा माणसं, पुढ्यात पोह्याखोबऱ्याच्या प्रसादाचं ताट, मधोमध काकांची आई. पुढच्याच वर्षी ती गेली. तिचा दुसरा फोटो जगात कुठंही नव्हता. "सगळं मिळालं बाबा, पण आयनं सून बघितली नाय," असं काका लग्न झाल्यापासून दर मलिद्याला म्हणत आले होते. हा फोटो पडद्यावर दिसलाच पाहिजे, यात त्यांचा जीव अडकला होता.

सोमवारी चाळीस मिनिटं वाट पाहायला लावून साइट म्हणाली, फाइल फार मोठी आहे. काकांनी निषादला फोन केला.

"केवढी स्कॅन केलीत काका?"

"दुकानवाल्याला सांगितलं, आयचा फोटो हाय, कंजुषी करू नको."

निषादनं साइटची मर्यादा वाढवली. मंगळवारी फोटो चढला आणि नावांचा घोळ सुरू झाला. काकांचा बाणा असा, की विचारल्याशिवाय कुणाचं नाव लिहायचं नाही. एक नाव भरलं की ते पिन उपटून फोन लावत, खात्री करून घेत आणि परत इंटरनेट जोडत. तोवर साइट त्यांना पार विसरलेली असे. "आपण कोण? पुन्हा प्रवेश करा." रकाने कोरे, फोटो गायब.

"कोण म्हणून काय विचारते? आत्ता तर बोलून गेलो!" काका पडद्यावर ओरडले.

"सेशन संपतंय काका, साइट वीस मिनिटंच ओळख ठेवते. ते तीन तासांचं करतो," निषाद म्हणाला. "पण आधी सगळी नावं कागदावर लिहून घ्या ना."

"कागदावर लिवायचं तर कंप्युटर कशाला घेतला?"

बुधवारी तीन तासांचं सेशन पाच मिनिटांतच कोसळलं, तेही नऊ वेळा. तेल अविवला निषादच्या मशीनवर मात्र सगळं सुरळीत चाले. शेवटी गुरुवारी दुपारी बिचारा बसनं अश्केलोनला आला. काकूंनी पुढ्यात चहा ठेवला. त्याच्या डोळ्यांदेखत काकांनी एक नाव भरलं, पिन उपटली आणि मित्स्पे रामोनच्या सिम्हाताईंना, म्हणजे थोरल्या बहिणीला, फोन लावला. निषादनं कपाळावर हात मारला.

"काका, दर वेळी इंटरनेट जोडलं की तुमच्या कंप्युटरचा पत्ता बदलतो! आणि मी शहाण्यानं, सुरक्षेसाठी म्हणून, पत्ता बदलला की माणूस परका असं लिहून ठेवलंय."

तिथंच बसून त्यानं त्या दोन ओळी खोडल्या. साडेचारपर्यंत तेरा नावं भरून झाली. चौदावं कुणालाच ठाऊक नव्हतं. ताटाशी खाली मान घालून बसलेली, वेणी पुढं आलेली एक दहा-अकरा वर्षांची पोर.

"लिहा 'अनोळखी'," निषाद घड्याळ बघत म्हणाला.

"आयच्या मलिद्याला कोण अनोळखी नसतो."

"अख्ख्या देशाला फोन झाले," काकू कप उचलत म्हणाल्या. "घरात विचारलंत?"

"तुला काय म्हायती? तुला मी पयल्यांदा बघितली ती मुंबईत, बघायच्या कार्यक्रमात."

"तुम्ही बघितली. मी तुम्हाला त्या दिवशी बघितलं होतं, अर्ध्या चड्डीत, तीनदा मलिदा घेताना. मावशीबरोबर आले होते मी तुमच्या घरी."

काका चष्मा वर करून पाहत राहिले. "मग इतकी वर्सं बोलली का नाय?"

"पयल्या नजरेत पसंत केली म्हणून गावभर सांगत होता. म्हटलं, कशाला मोडता घालू? वाटलं, कधीतरी वळखाल."

काका पडद्याजवळ वाकले. इतके दिवस त्यांनी आईचा चेहरा पाहिला होता, हात पाहिलाच नव्हता. आईचा उजवा हात त्या पोरीच्या खांद्यावर होता. काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांनी चौदाव्या रकान्यात 'मल्का' लिहिलं.

"पाचला सहा मिनिटं आहेत, बटण दाबा!" निषाद म्हणाला.

"रेगा, रेगा! थांब जरा!" म्हणत काकांनी पिन उपटली. निषादनं डोकं धरलं.

"सिम्हा! अगं, आयनं सून बघितली होती!"

मग पिन परत लागली, मोडेम किंचाळला आणि काकूसुद्धा पदरानं डोळे टिपत पडद्यापाशी आल्या. पाचला दोन मिनिटं होती. चौदाही नावं जागच्या जागी होती. साइटनं काकांना ओळखलं होतं.