विजयाताईंचं भूतघर

विजयाताई मेश्रामांच्या भूतघरात शेवटी दिवे लावले जातात. घाबरून बाहेर पडलेल्या मुलांना त्या परत आत नेतात आणि प्रत्येक भूत कशाचं केलंय ते दाखवतात. अंधारात पाय धरणारा हात म्हणजे वाळू भरलेला रबरी हातमोजा. रडणं आलं ते कपाटामागच्या स्पीकरमधून. सगळं समजल्याचं मुलांनी कबूल केलं, की मगच चॉकलेट.

टेक्सासमधल्या फ्रिस्को गावात त्या आमच्या शेजारी राहतात. मूळच्या नागपूरच्या, नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली. आमच्या भागातल्या मराठी मुलांचा युवा गट त्याच चालवतात. बौद्ध घरात वाढल्या. भूत, नजर, मुहूर्त यांतलं काहीही मानत नाहीत. त्यामुळे मुलांनी पहिल्यांदा हॅलोविनचा हट्ट धरला, तेव्हा ताई नाहीच म्हणणार अशी आमची खात्री होती. त्या म्हणाल्या, "भूत नसते. पण करायचंच आहे तर भूत नीट झालं पाहिजे ना."

तेव्हापासून दर ऑक्टोबरात त्यांच्या गॅरेजमधली गाडी बाहेर येते आणि आत काळे पडदे लागतात. भूत बहुतेक वेळा मी असतो. टेक्सासच्या उकाड्यात अंगावर चादर घेऊन उभं राहणं हे काम जितकं वाटतं तितकं सोपं नाही. त्यात ताई आधी माझी चाचणी घेतात. "भाऊ, तुमच्या ओरडण्यात दम नाही. कोणी पाणी मागून राहिलं असं वाटते." मी पुन्हा ओरडतो. त्या मान हलवून पुढच्या भुताकडे जातात.

बाकीच्या कार्यक्रमांचंही असंच. मुलांना मक्याच्या शेतातल्या भूलभुलैयात नेलं, तर आत शिरण्याआधीच ताईंनी उजवा हात भिंतीला लावून चालायची युक्ती शिकवली. आमची मुलं सगळ्यांच्या आधी बाहेर आली आणि आता काय करायचं म्हणून एकमेकांकडे बघत राहिली. एकदा शरद ऋतूच्या सजावटीसाठी कागदाची झाडपानं रंगवायची होती. मुलांनी लाल आणि केशरी रंग घेतले. ताईंनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "आपल्या झाडाची पानं हिरवी आहेत. मग लाल काहून?" मुलांनी रंग बदलले. त्या वर्षी आमचा शरद ऋतू हिरवागार झाला.

मागच्या हॅलोविनला गटात ईरा नावाची मुलगी नवीन आली होती. वय आठच्या आसपास. तिची आजी त्यांच्याजवळच राहायची, ती त्या उन्हाळ्यात वारली. ईरा भूतघरातून एकटी, न ओरडता चालत गेली. दिवे लागले, ताईंनी हातमोजा दाखवला, स्पीकर दाखवला. बाकीची मुलं चॉकलेट घेऊन पळाली. ईरा तिथेच उभी राहिली.

"सो देअर आर नो गोस्ट्स? ॲट ऑल?"

"नाही बेटा. एकही नाही."

"देन आजी कान्ट कम बॅक?"

मी चादर काढून हातात घेतली. आजी वरून बघत असते वगैरे काहीतरी सांगावं, असं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. ताईंनी मला हातानंच थांबवलं. पुढची मुलं रांगेत होती. त्यांना जरा थांबायला सांगून त्यांनी गॅरेजचं दार खाली केलं आणि घरात जाणाऱ्या पायरीवर ईराला शेजारी बसवलं.

"नाही येत," त्या म्हणाल्या.

"हाऊ डू यू नो?"

"मी वाट पाहिली ना."

ताईंचे यजमान आम्ही इथे राहायला आलो त्याच वर्षी गेले. त्यांच्याबद्दल ताई आमच्याशी कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी ईराशी बोलल्या.

"अंकल ऑफिसातून आले की गॅरेजचं दार वाजायचं. मग मी चहा टाकायची. ते गेल्यावर शेजारचं दार वाजलं तरी मी उठायची आणि दोन कप काढायची. कोणी येत नसते, हे मला पक्कं माहीत होतं. तरी काढायची."

शेजारचं दार म्हणजे आमचं. मी पडद्याकडे बघत राहिलो.

"अँड देन?" ईरानं विचारलं.

"मग काय. दोन्ही कप मीच प्यायची."

ईरा म्हणाली, "माय आजी ऑल्सो ड्रँक टू कप्स. बट माय आई ओन्ली न्यू अबाउट वन."

"अस्सं? मग दुसरा कोण द्यायचं करून?"

"मी," ईरा मराठीत म्हणाली, आणि आजीच्या चहात साखर किती आणि आलं कधी घालायचं ते सांगू लागली. बाहेर मुलं दार वाजवायला लागली होती. ताईंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. हो का, मग नंतर काय, असं विचारत त्या ऐकत बसल्या.