राखलेला रस्ता

"मॉम, आजोबांनी स्कूल बस रिव्हर्स घ्यायला लावली. लाइक, द होल बस!"

अनयाने दारातच बूट भिरकावले आणि बातमी देऊन ती जिना चढून गेली. डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेली गिरिजा ताडकन उठली आणि खिडकीशी गेली. कोणाचे आजोबा, हे विचारायची गरजच नव्हती. वेस्ट विंडसरच्या त्या वस्तीत बसला मागे रेटू शकणारे आजोबा एकच होते, आणि ते तिचे सासरे होते.

गल्लीच्या तोंडाशी दोन नारिंगी कोन होते. त्यांच्यावर आडवी टाकलेली दांडी पाहुण्यांच्या खोलीतल्या पडद्याची होती, हे गिरिजाने लांबूनच ओळखलं. दांडीमागे चमकत्या पट्ट्यांचं नारिंगी जाकीट घालून, हात पाठीशी बांधून जगन्नाथराव उभे होते. पलीकडे कुरिअरची गाडी उभी होती. तिचा ड्रायव्हर खोकी डोक्यावर घेऊन पायी येत होता.

"आई, बाबा हे काय करतायत?"

सुलभाबाईंनी कणीक मळता मळता मानसुद्धा वर केली नाही. "जकात बंद झाली तेव्हापासून त्यांच्या हाताला नाका नव्हता. मिळाला बाई एकदाचा. चार दिवस इथे सुनेच्या घरी झोप तरी लागेल त्यांना."

जगन्नाथरावांची सगळी नोकरी नगरपालिकेच्या जकात नाक्यावर गेली होती. आडव्या बांबूशिवाय रस्ता म्हणजे त्यांना दाराशिवाय घर वाटायचं. पण आज त्यांच्या हातात नाका आला, त्याला कारण गिरिजा होती. संतापाची खरी गोष्ट तीच होती.

गिरिजा रस्त्यांच्या कामातली. पुण्यात इंजिनियर झाली, इथे शिकली, आणि गेली कित्येक वर्षं आफ्रिकेतल्या देशांना एकच गोष्ट कळवळून सांगत होती: ठेकेदाराने किती खड्डे बुजवले आणि किती डांबर ओतलं, ते मोजू नका. रस्ता वर्षभर कसा आहे ते बघा. चांगला असेल तर पूर्ण पैसे द्या, खड्डा दिसला की कापा. "खड्ड्यावर ज्याचं पोट आहे, तो खड्डा मरू देईल का?" हा प्रश्न ती ऑफिसात विचारायची, जेवताना विचारायची आणि नवरा झोपेत असला तरी विचारायची.

मलावीच्या रस्ते खात्यातल्या बड्या अधिकारी मिसेस फिरी यांनी ते सगळं ऐकून घेतलं होतं आणि एकच उत्तर दिलं होतं: कागद खूप झाले, कुठे चालू असलेलं दाखव. त्या हो म्हणाल्या तर तिकडचं मोठं काम गिरिजाच्या टीमकडे येणार होतं. नाही म्हणाल्या तर टीमच राहणार नव्हती, असं साहेबांनी गोड हसत सांगितलं होतं.

म्हणून गिरिजाने आपल्याच गल्लीवर प्रयोग केला. गल्ली वस्तीतल्या घरमालकांच्या असोसिएशनच्या मालकीची. दर हिवाळ्यात बर्फाने उखडायची, आणि दर वसंतात फ्रँक नावाचा ठेकेदार शीळ घालत यायचा, खड्डे मोजून बिल लावायचा. गिरिजाने मीटिंगमध्ये भांडून भांडून त्याचा करार बदलून घेतला. आता खड्ड्यांचे पैसे नाहीत, खड्डे नसण्याचे पैसे. आणि उद्या, शनिवारी, मिसेस फिरी न्यूयॉर्कहून ही गल्ली बघायला आणि जेवायला येणार होत्या.

इथवर सगळं ठीक होतं. चूक झाली ती मराठीत. सासऱ्यांनी जेवताना विचारलं, "तू नेमकं काय काम करतेस गं?" तेव्हा तिचा नवरा प्रसाद म्हणाला, "रोड मेंटेनन्स सांग ना यार, कळतं त्यांना." पण गिरिजाला घरात शुद्ध बोलायची हौस. ती म्हणाली, "बाबा, रस्ता राखायचा. राखला तर ठेकेदाराला पैसे, नाही राखला तर नाही."

"राखायचा," जगन्नाथराव घास थांबवून म्हणाले. "शेत राखतात तसा?"

"अगदी तसाच!" गिरिजा खूश होऊन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फ्रँक खड्डे बुजवायला आला. जगन्नाथराव दिवसभर त्याच्याशेजारी उभे राहिले. जाताना फ्रँकने त्यांच्या खांद्यावर थाप मारली, गमतीत आपलं जाकीट त्यांच्या अंगावर चढवलं आणि म्हणाला, "बॉस, यू वॉच इट फॉर मी." वॉच म्हणजे पहारा, एवढं इंग्रजी जगन्नाथरावांना येत होतं.

गिरिजाने खिडकीतूनच फ्रँकला फोन लावला. "फ्रँक, रस्ता बंद आहे!"

"खड्डा आहे का?" फ्रँकने इंग्रजीत, पण फार मायेने विचारलं.

"खड्डा नाही. पण गाडीच जात नाही!"

"मॅडम, करारात खड्डा नसावा असं लिहिलंय. गाडी जावी असं कुठे लिहिलंय? तुम्हीच लिहिलाय की. फार छान करार आहे. आणि तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, माणूस हिरा आहे."

गिरिजाच्या कानशिलांतून वाफ निघाली. ती तशीच सपाता घालून बाहेर गेली.

"बाबा, ती दांडी काढा आधी!"

"का? तूच म्हणालीस राखायचा."

"राखायचा म्हणजे नीट ठेवायचा हो! अडवायचा नाही!"

"गाड्या गेल्या तर नीट राहील कसा? त्या वरच्या घरातल्या अतुलची गाडी बघितलीस? रणगाडा आहे रणगाडा. कालच्या ओल्या डांबरावरून घालणार होता. मी म्हटलं, नो. चालत जा, पोट कमी होईल."

"तुम्ही अतुलला पोटावरून बोललात?"

"मराठीत बोललो. त्याला समजलं, त्याला मी काय करू?" जगन्नाथरावांचाही आवाज चढला. "आणि हे सगळं मी कोणासाठी करतोय? उद्या तुझ्या त्या बाई येणार. त्यांना खड्डा दिसला तर नाक कुणाचं कापलं जाईल? माझं? इथे ऊन नाही, सावली नाही, चहा विचारायला कुणी नाही, आणि वर बोलणी खायची!"

गिरिजा आणखीच चिडली. शेवटी प्रसादने मध्ये पडून शब्द दिला की शनिवारी गिरिजा पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेली की तो स्वतः दांडी काढेल. त्याने काढलीही. पण मग सुलभाबाईंनी त्याला कोथिंबीर आणायला पिटाळलं. तो परत येईपर्यंत दांडी होती तिथे आली, आणि प्रसादही कोथिंबिरीची जुडी घेऊन बाहेरच अडकला.

प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनहून मिसेस फिरींना घेऊन गिरिजा वळणावर आली, तेव्हा तिला आधी कोथिंबीर दिसली, मग नवरा, मग दांडी.

तिने काच खाली केली. "बाबा, मी आहे. गिरिजा."

"दिसतंय ना. गाडी तिकडे लाव."

"गाडीत पाहुण्या आहेत!"

"त्यांचं स्वागत आहे. गाडीचं नाही."

"प्रसाद, तू काहीतरी बोल!"

"मी बोललो यार. मलाच आत घेत नाहीयेत."

मिसेस फिरी तोवर दार उघडून उतरल्या होत्या. साठीच्या, उंच, डोक्याला रंगीत कापड बांधलेल्या. त्या दांडीखालून वाकून गेल्या आणि गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊन परत आल्या. जगन्नाथराव नव्या साहेबाला नाका दाखवावा तसे अदबीने त्यांच्या मागून फिरले.

"सुंदर रस्ता," मिसेस फिरी इंग्रजीत म्हणाल्या. "गाड्या कुठे आहेत?"

गिरिजाने करार, फ्रँक, राखणे हा शब्द, सगळं एका दमात सांगितलं. सांगता सांगता तिचं तिलाच ऐकवेना. मिसेस फिरी हसल्या नाहीत. त्यांचा पारा चढत होता.

"दरवर्षी तुमच्यासारखी हुशार माणसं आमच्याकडे येतात. गुळगुळीतपणा मोजायची यंत्रं आणतात. आणि गाडी गेली पाहिजे, हे लिहायचं राहून जातं!"

"ते... गृहीत धरलं होतं," गिरिजा पुटपुटली.

"ठेकेदार काहीही गृहीत धरत नाही!"

गिरिजाचे डोळे भरून आले. टीम गेली, काम गेलं, आणि तेही पडद्याच्या दांडीवरून. जगन्नाथरावांना इंग्रजी कळलं नाही, पण सुनेला कुणीतरी रागावतंय एवढं कळलं. त्यांनी आपली घडीची खुर्ची आणून मिसेस फिरींपुढे धाडकन उघडली. "बसा. काय बोलायचं ते मला बोला. रस्ता मी राखलाय, तिने नाही."

गिरिजाने नाइलाजाने त्याचं भाषांतर केलं.

मिसेस फिरी बसल्या. "ह्यांनी तुलाही सोडलं नाही? सख्ख्या सुनेला?"

"पोटच्या मुलालाही नाही," प्रसाद दांडीपलीकडून म्हणाला.

मिसेस फिरी खुर्चीत पुढे सरकल्या. आमचे रस्ते पावसाने मरत नाहीत, त्या म्हणाल्या, ट्रकांनी मरतात. दुप्पट माल भरतात. वजनकाट्यावरच्या माणसाला कुणाचा तरी फोन येतो, आणि ट्रक सुटतो.

गिरिजाने मराठीत सांगितलं, आणि जगन्नाथराव उसळले. "दुप्पट? आणि सोडतात? फोन आला म्हणून? अहो, मी आमदाराच्या मेव्हण्याचा टेम्पो दोन दिवस उभा ठेवला होता!"

ते गिरिजाने पुरतं इंग्रजीत सांगितलंही नव्हतं, तोवर मिसेस फिरी हात आपटून आपल्या चिचेवा भाषेत काहीतरी म्हणाल्या. जगन्नाथरावांनी मराठीत त्याला जोरदार दुजोरा दिला. सुलभाबाईंनी भरलेली ताटं रस्त्यावरच आणली. दोघं पोळीचे तुकडे मोडत आपापल्या भाषेत जगातल्या सगळ्या ट्रकवाल्यांना शिव्या घालत होते, आणि गिरिजाला अर्थ विचारायचं कुणाला सुचत नव्हतं.

शेवटी मिसेस फिरींनी हात पुसले आणि त्या गिरिजाकडे वळल्या. "पहिल्या ओळीत लिही, रस्ता चालू पाहिजे. दुसऱ्या ओळीत, जास्त भरलेली गाडी कोण अडवणार ते लिही. आणि अडवणाऱ्यांना शिकवायला ह्यांना पाठव. एवढं असेल तर माझं उत्तर..."

नेमका तेव्हाच मागून कर्कश हॉर्न वाजला. अतुल त्याच्या रणगाड्यातून डोकं बाहेर काढून ओरडत होता, "अरे, घरी जाऊ द्या यार आम्हाला!"

गिरिजा ताट बाजूला सारून उठली, संतापाने लाल झाली आणि दांडीशी जाऊन कडाडली, "दिसत नाही का? रस्ता बंद आहे!"