वर चाललेला ठिपका

आमच्या कंपनीत माझ्यासारखा देखणा आलेख कोणालाही काढता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आम्ही लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणजे दुरुस्ती तुकड्या करतात. कोणती तुकडी तक्रार किती लवकर मिटवते, याचे आलेख मी काढतो. एक तक्रार म्हणजे एक ठिपका. वेळ जितका जास्त, तितका ठिपका उंच; तक्रार मिटेपर्यंत तो वर सरकतच राहतो. दुपारचं ऊन तिरपं झालं की पडद्यावरचे निळे ठिपके तळ्यात तरंगल्यासारखे दिसतात आणि मी गालावर हात ठेवून बघत राहतो. अशा वेळी कोणी हाक मारली तर मला परत यायला वेळ लागतो.

पहिल्या तुकडीचे ठिपके तळाशी ओळीनं झोपलेले. दुसरीचे मात्र वर आभाळात विखुरलेले. तिला ऑफिसात सगळे गोगलगाय म्हणतात आणि तिचा मुकादम माझा सख्खा मेव्हणा. मोठ्या साहेबांनी ठरवलं होतं, बैठकीत माझा आलेख बघायचा, गोगलगाय मोडायची आणि मेव्हण्याला लांबच्या शाखेत धाडायचं.

बैठकीच्या दिवशी सकाळी हे बायकोला सांगितलं, तेव्हा ती गळक्या नळाखाली पातेलं ठेवत होती.

"म्हणजे तुमच्या ठिपक्यांवरून माझा भाऊ हद्दपार?"

"आकडे नातं बघत नाहीत," मी म्हणालो. वाक्य मला स्वतःलाच फार आवडलं.

"आणि हा नळ?"

"मिटलं समज."

त्याच तंद्रीत ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरलो. ती आदल्याच दिवशी पहिल्या तुकडीनं विक्रमी वेळात दुरुस्त केली होती. दोन मजल्यांच्या मध्ये तिनं एक उसासा टाकला आणि थांबली. मी शांतपणे तक्रार नोंदवली. पापणी लवते न लवते तोच फोनवर निरोप आला: आपली तक्रार मिटली आहे.

दार जागचं हललं नव्हतं.

पहिल्या तुकडीच्या मुकादमाला फोन लावला. त्यानं मोठ्या प्रेमानं समजावलं की तक्रार आली की आधी मिटवायची आणि मग सवड मिळाली तर जाऊन यायचं, अशी त्यांची पद्धत आहे. साहेब तळाचेच ठिपके बघतात, हे तो माझ्याच आलेखावरून शिकला होता.

"अहो, पण मी अजून आतच आहे."

"मग नवी तक्रार द्या ना साहेब. तीही लगेच मिटवतो."

मी दिली. मिटली. आणखी दिली, तीही मिटली, अंगाईसारखी अलगद. तेवढ्यात बैठकीच्या खोलीतून साहेबांच्या मदतनीस बाईंचा फोन आला. भिंतीवर आलेख उघडला होता, पहिल्या तुकडीचे ठिपके तळाशी भराभर पडत होते आणि साहेब बेहद्द खूश होते. मी कुठे आहे, असं बाईंनी विचारलं.

"त्या ठिपक्यांत," मी म्हणालो.

शेवटी मेव्हण्याला फोन करून त्याच्या तुकडीच्या नावावर तक्रार दिली. खाली बसा, येतो, एवढंच तो म्हणाला. दिवा मंद गुणगुणत होता. मी भिंतीला टेकलो आणि डोळा लागला. स्वप्नात मी माझ्याच आलेखावर चढत होतो, एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर, पाण्यातल्या दगडांवरून जावं तसा. पार वर मेव्हणा बसला होता आणि चंद्राला तेल घालत होता.

टकटक झाली. "भाऊजी, जागे आहात ना?"

त्यानं दार सरकवलं आणि हात देऊन मला वर ओढलं. मी कपडे झटकायच्या आधी त्याच्या फोनकडे बोट दाखवलं. "बाबा रे, लगेच 'मिटली' दाब. ठिपका खाली राहील, तुझी बदली वाचेल."

"अजून वरखाली करून बघायचीय."

"साहेब वर आलेखच बघताहेत!"

"बघू देत. तुम्ही परत अडकलात तर ताई मला घरात घेईल का?" असं म्हणून तो लिफ्टसकट खाली गेला.

मी जिना चढून, धापा टाकत बैठकीत पोचलो. भिंतीवर पहिल्या तुकडीचे ठिपके गाढ झोपले होते. कोपऱ्यात एकटाच एक ठिपका फुग्यासारखा सावकाश वर चालला होता.

"हा कोण?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, तो मी."

मग सगळं सांगावं लागलं. कोणी हसलं नाही, हे जास्त लागलं. साहेब बॅग घेऊन उठले आणि लिफ्टपाशी गेले. मेव्हणा आतून बाहेर डोकावला.

"मिटली का?"

"नाही साहेब. चार-दोन फेऱ्या मारतो अजून."

साहेबांनी जिन्याकडे पाहिलं, लिफ्टकडे पाहिलं आणि बॅग खाली ठेवली. "मार. मी थांबतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते लांबच्या शाखेचं राहू द्या."

संध्याकाळी घरी पोचलो, तर बातमी माझ्याआधी पोचलेली.

"मिटलं म्हणे सगळं?" बायकोनं विचारलं.

"मिटलं."

ओट्यावरच्या पातेल्यात एक थेंब पडला.

"खरंच, की आलेखात?"

मी मेव्हण्याला फोन लावला. रविवारी येतो म्हणाला. कुठल्या रविवारी, ते विचारायचा मला धीर झाला नाही.