डाव्याने धरलंय

गाडीचा आजार ओळखायला मला बॉनेट उघडावं लागत नाही. हे स्वतःच्या तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही. अंबरनाथ एमआयडीसीत बावीस वर्षं मेंटेनन्स फिटर आहे मी. पंप कुरकुरला की साहेब लोक कॉम्प्युटर उघडतात आणि मी कान लावतो, आणि शेवटी माझा कानच बरोबर निघतो. माझी स्वतःची गाडी अठरा वर्षांची आहे. या अठरा वर्षांत तिला माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा पाना लागलेला नाही. आमच्या बेलवली गावात कुणालाही विचारा.

म्हणून रिद्धीच्या हळदीच्या दिवशी मांडवात जेव्हा प्रश्न निघाला की विठाकाकीला आणायला कोण जाणार, तेव्हा माझा हात सगळ्यात आधी वर गेला.

रिद्धी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली, त्यामुळे या लग्नात बापाच्या जागी मीच. आणि विठाकाकी म्हणजे आमची धवलारीण. आम्हा आगऱ्यांत हळदीला, लग्नाला धवले, म्हणजे आमची लग्नाची गाणी, म्हणायला ती लागतेच. तिने सूर धरल्याशिवाय आमच्याकडे कुणी हळदीत बोट बुडवत नाही. हल्लीची पोरं मोबाइलवर धवला लावून मोकळी होतात, पण रिद्धी अडून बसली होती.

"काका, आईबाबांच्या हळदीला विठाआजी होती," ती म्हणाली. "बाबा नाहीत. निदान ती तरी पाहिजे. मोबाइलवर मी हळद लावून घेणार नाही."

आता असं कुणी बोलल्यावर माणूस काय करणार? मी म्हटलं, "सातला हळद ना? सहाला विठाकाकी मांडवात. माझ्या गाडीतून."

माझी बायको संध्या हळू आवाजात म्हणाली, "अहो, रिक्षा पाठवू या. तुमची गाडी चार दिवस वास मारतेय."

"नवीन डांबर टाकलंय रस्त्यावर. त्याचा वास."

"आणि डावीकडे ओढतेय म्हणालात ना परवा?"

"रस्ताच डावीकडे उतरता आहे. गाडीला कळतं, तुला कळत नाही."

आणि मी निघालो.

विठाकाकी हल्ली लेकाकडे अंबरनाथच्या बुवापाड्यात असते. वय ऐंशीच्या पुढे, पण नऊवारी नेसून, कुंकू लावून पायरीवर तयार बसली होती. तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि रहदारी टाळायला एमआयडीसीतल्या रस्त्याने गाडी काढली. दहा मिनिटं झाली असतील. काकीने नाक वर केलं.

"राजू, गारीन काय जलतंय रं?"

"डांबर आहे, काकी."

"डांबराला मी वलखतंय. ह्यो डांबर नाय."

तेवढ्यात माझ्याही नाकात तो वास शिरला. आणि गाडी अशी जड चालायला लागली की जणू मागे कुणी ट्रॉली बांधलीय. कंपन्यांच्या कोपऱ्यावर चहाची टपरी आहे, तिथे गाडी बाजूला घेतली. उतरून चाकांजवळ हात नेला. तीन चाकं थंडगार. पुढच्या डाव्याजवळ मात्र तव्यासारखी धग लागत होती. रिमवर पाण्याचे दोन थेंब टाकले, तर चर्र झालं.

मी एका सेकंदात निदान केलं. डावा ब्रेक धरून बसला होता. म्हणजे कसं, ब्रेक दाबला की कॅलिपर नावाचा जबडा चाकाची चकती, म्हणजे डिस्क, पकडतो आणि पाय काढला की सोडतो. आमचा जबडा पकडत होता, सोडत नव्हता. डांबराचा विषय मी तिथेच बंद केला, आणि तुम्हीही काढू नका.

काकी म्हणाली, "मना रिक्षान बसव. तू बस ह्या गारीपाशी."

रिक्षाही थांबल्या होत्या, एक नाही, तीन. शिफ्ट सुटायची वेळ होती. पण बावीस वर्षांचा फिटर, एमआयडीसीत, सगळ्या कंपन्यांच्या गेटांसमोर, आपल्या पाहुणीला रिक्षात बसवतो? मी तिन्ही रिक्षांना हात हलवून पुढे पाठवलं. काकीला टपरीवाल्याच्या स्टुलावर बसवलं, चहा सांगितला आणि डिकीतली पाने-हातोड्यांची पेटी काढली. साडेपाच वाजले होते.

घरी कळवावं म्हणून फोन लावला. बॅटरी दोन टक्के. म्हणून थोडक्यात बोललो, शब्द न् शब्द मला आठवतोय: "संध्या, एमआयडीसीत टपरीजवळ आहे. डाव्याने धरलंय. सोडतच नाही. लय गरम झालाय. पण घाबरू नकोस, हातोडी आहे माझ्याकडे. घालतो दोन, म्हणजे सोडेल." आणि फोन बंद पडला.

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. चंदू नावाचा माझा एक चुलतभाऊ आहे. डावखुरा बॅट्समन, त्यामुळे अख्खी बेलवली त्याला डाव्या म्हणते. त्याची आई आणि विठाकाकी सोडल्या तर कुणाच्या तोंडी चंदू हे नाव मी ऐकलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी गावच्या टूर्नामेंटमध्ये फायनलला मी अंपायर होतो, आणि शेवटच्या ओव्हरमध्ये मी डाव्याला रनआउट दिला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. लग्नाची पत्रिका मी त्याच्याकडे पुतण्याच्या, जितेशच्या हातून पाठवली. स्वतः गेलो नाही. आमच्यात हे शिवी दिल्यासारखं असतं.

आता तो फोन पुन्हा एकदा वाचा.

संध्याने मांडवात येऊन सांगितलं की डाव्याने ह्यांना एमआयडीसीत धरलंय, सोडत नाही, लय गरम झालाय आणि आमचे हे हातोडी घेऊन उभे आहेत. मांडव उठला. रिद्धीची आई, म्हणजे आमची अंजनीवहिनी, हळद कालवत होती. हात पुसायलाही न थांबता ती तशीच निघाली. आधी सगळ्या बायका डाव्याच्या घरी गेल्या. त्याची बायको जनी दारात.

"डाव्या कुठंय?" वहिनीने विचारलं.

"टेम्पो घेऊन गेलाय, अंबरनाथला. एमआयडीसीत माल सोडायला."

झालं. पुरावाच मिळाला. वहिनी, संध्या आणि आणखी चौघी दोन रिक्षांत बसल्या. मागे जनीने घाबरून नवऱ्याला फोन लावला.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी जॅक लावला, चाक काढलं, कॅलिपर सोडवला. पिस्टन आत ढकलून पाहिला, गुमान गेला. म्हणजे दोष पिस्टनचा नव्हता. कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. वरची पिन लोण्यासारखी फिरत होती, खालची जागची हलेना. मला मनातून फार बरं वाटलं. कुठल्या मेकॅनिकने पूर्ण नवा कॅलिपर गळ्यात मारला असता, आणि मी नेमकी एक पिन शोधून काढली होती. मी टपरीवाल्यालाही ते समजावून सांगितलं. तो म्हणाला, "भाऊ, अजून एक चहा देऊ का?"

हातोडीने ठोकलं, पकडीने पिळलं. पिन ढिम्म. सव्वासहा झाले. काकी सारखी टपरीतल्या घड्याळाकडे बघत होती. मला रिद्धीचा चेहरा दिसायला लागला. मांडवात मोबाइल लावलाय आणि ती खाली मान घालून पाटावर बसलीय, असा. खरं सांगतो, त्या तीन रिक्षांची मला तेव्हा फार आठवण आली.

एवढ्यात समोर टेम्पो थांबला आणि त्यातून डाव्या उतरला.

"मी तुला धरलंय?" दोन वर्षांनी त्याचा पहिला शब्द. "जनीचा फोन होता. मी तुला धरलंय, सोडत नाही, असं गावभर झालंय."

"तू? मला तर डाव्याने धरलंय," मी म्हटलं.

मग त्याने उघड्या चाकाकडे पाहिलं, माझ्या हातातल्या हातोडीकडे पाहिलं, आणि असा हसला की टेम्पोला टेकून उभं राहावं लागलं. मला हसू आलं नाही. आलं, पण मी दाबलं.

विठाकाकी स्टुलावरून म्हणाली, "हसू नको रं चंदू. सातला हलद हाय. हात लाव."

तिच्यापुढे कोण बोलणार? डाव्याने टेम्पोतून त्याची मोठी पकड आणली. त्याने पिन धरली, मी पिन बसते तो सांगाडा धरला, आणि "एक, दोन, तीन" म्हणून उलट्या दिशांना जोर लावला. तिसऱ्यांदा पिन सुटली, तीही कशी, गोळीसारखी. मी पाठीवर आडवा, मला सावरायला वाकलेला डाव्या तोल जाऊन माझ्या छातीवर, त्याच्या हातात उगारलेली पकड.

नेमक्या त्या क्षणी दोन्ही रिक्षा येऊन थांबल्या.

"सोड त्याला!" असं ओरडत अंजनीवहिनी धावत आली आणि तिने डाव्याच्या पाठीत असा काही रपाटा घातला की आवाज कंपनीच्या गेटपर्यंत गेला. वॉचमन बाहेर आला. डाव्याच्या पांढऱ्या शर्टावर पाच बोटं उमटली, पिवळीधमक.

समजावून सांगायला मला पाच मिनिटं लागली. संध्याला अजून पूर्ण पटलेलं नाही. वहिनी आपल्या हाताकडे आणि डाव्याच्या पाठीकडे बघत उभी होती. नवरीच्या आधी हळद भलत्यालाच लागली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा विठाकाकी उठली. "रडतंस कशाला? घरची हलद घरच्याच मानसाला लागली. आता ह्याला मांडवान यवाला लागंल. पत्रिका नको न् काय नको. हलद लागली, आवतन झाला."

शर्ट झटकायला उचललेला हात डाव्याने खाली घेतला.

मग कामाला लागलो. डाव्याने निघालेली पिन पुसायला घेतली. तिच्यावरचं रबर फुगून टम्म झालेलं, म्हणून ती अडकली होती. त्याने ते रबर नाकाशी नेलं आणि माझ्याकडे वळला.

"राजू, हे ब्रेकचं ग्रीस नाही. हे मशीनचं ग्रीस आहे. ह्याने रबर फुगतं. कंपनीतलं ना?"

तुम्हाला म्हणून सांगतो, दसऱ्याला गाडीची पूजा करायच्या आधी मी तिची झकास सर्व्हिसिंग केली होती. स्वतःच्या हाताने. कंपनीतल्या डब्यातून.

मी इकडेतिकडे पाहिलं. संध्या चार पावलांवर होती.

"मांडवात सांगू का?" डाव्याने विचारलं.

"तू क्रीजमध्ये होतास," मी म्हटलं.

"ऐकू नाही आलं."

"फायनलला. तू क्रीजमध्ये होतास. माझी चूक झाली. आणि पत्रिका द्यायला मी स्वतः यायला पाहिजे होतं."

डाव्याने ते रबर आपल्या खिशात घातलं. टेम्पोसाठी ठेवलेल्या सुट्या सामानातून ब्रेकच्या ग्रीसची ट्यूब आणि त्याच मापाचं एक रबर काढलं. घासून, पुसून, बसवून, चाक चढवून आम्ही वीस मिनिटांत मोकळे झालो. निघण्याआधी ब्रेकचा पेडल चारदा दाबून घ्यायचा असतो, नाहीतर पहिला ब्रेक लागतच नाही. ते मला माहीत होतंच. डाव्याने फक्त आठवण केली.

विठाकाकी पुढे, वहिनी आणि संध्या मागे, बाकीच्या चौघी रिक्षांत, पाठीमागे डाव्याचा टेम्पो. बेलवलीत शिरलो तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. रिद्धी मांडवाच्या दारातच उभी होती. काकी उतरली आणि तिथूनच तिने धवला उचलला. डीजेवाल्याने आपणहून आवाज बंद केला. रिद्धी माझ्या गळ्यात पडली आणि "काका, आणलीस" एवढंच म्हणाली. मी छाती काढून उभा राहिलो. डाव्या पाच बोटांचा शर्ट घालून रात्रभर नाचला, आणि ग्रीसबद्दल एक अक्षर बोलला नाही. जो भेटेल त्याला मी सांगत होतो की नेमकी कुठली पिन अडकली होती ते मी कसं ओळखलं. सांगणारच. ओळखलं तर मीच होतं.

फक्त एक गोष्ट त्या गडबडीत माझ्या लक्षात आली नाही. दसऱ्याला मी काही एकाच चाकाची सर्व्हिसिंग केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं आणायला उल्हासनगरला गेलो होतो. परत येताना तोच वास. या वेळी फोन पूर्ण चार्ज होता. घरी लावला आणि शांतपणे म्हटलं, "संध्या, उजव्याने धरलंय."

पलीकडून संध्या म्हणाली, "हा उजव्या कोण? पत्ता सांगा. वहिनी हळद कालवून बसल्याच आहेत."